आजची म्होरकी

आत्याने एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि एवढ्या वर्षांत फळ्यासमोर उभ्या असलेल्या एकाही पोराच्या हातातला खडू तिने मध्येच काढून घेतला नाही. पोरगं नदी डोंगरावर चढवत असो की वाळवंटात भात पिकवत असो, आत्या हाताची घडी घालून खिडकीपाशी उभी राहायची. वर्ग खुसुखुसु हसायचा. आत्या म्हणायची, "होऊ दे त्याची चूक पुरी. अर्धवट चूक सुधारता येत नाही, बाळांनो." मग पोरगं स्वतःच मागे सरकून फळ्याकडे बघायचं, डोकं खाजवायचं आणि डस्टर उचलायचं. त्या डस्टर उचलण्यासाठीच तर तिची सगळी मास्तरकी होती.

आता निवृत्तीनंतर ती परदेशातल्या एका मोठ्या नदीच्या काठाकाठाने, पाठीवर एकेक पिशवी घेऊन, भावाच्या मुलीबरोबर हिंडत होती. मुलगी तेरा वर्षांची. घरात तिला सगळे हरवी म्हणत. पाच वर्षांची असताना एका प्रदर्शनात ती हरवली होती आणि दोन तासांनी भलत्याच कुटुंबाच्या सतरंजीवर, त्यांच्या पोरांच्या रांगेत गाढ झोपलेली सापडली होती. गोष्ट गमतीची होती. पण ती इतक्या वेळा सांगितली गेली की मुलीच्या अंगाला चिकटून बसली. ती वाण्याकडे निघाली की चुलतभाऊ ओरडायचा, "अरे, कोणीतरी दोरी बांधा तिला!" दूरच्या गावातल्या एका चांगल्या शाळेत, जिथे सुरेख प्रयोगशाळा होती, तिला नववीसाठी प्रवेश मिळत होता. पण तिथे होस्टेलवर राहावं लागणार होतं, आणि बाबा फॉर्मवर सही करत नव्हते.

"ताई, गल्लीच्या टोकाला जाऊन विचारते, आता कुठे वळू? ही होस्टेलवर काय राहणार?" भाऊ म्हणाला होता.

"तुम्ही वळायच्या आधीच सांगता, म्हणून विचारते," आत्या म्हणाली होती. "दे माझ्याबरोबर तीन आठवडे."

खूप घासाघीस झाल्यावर भावाने एक अट घातली होती. सहा शहरं, नदीच्या मुखापर्यंत. ना टूर कंपनी, ना गाइड. स्वस्तातल्या खोल्या आणि लोक जातात त्या बोटी. एकही बोट न चुकवता दोघी समुद्रापर्यंत पोचल्या, तर सही. एक जरी चुकली, तर फॉर्मचं नाव काढायचं नाही.

आत्यानेही आपला नियम केला. एक दिवस म्होरकी आत्या, एक दिवस हरवी. म्होरकीच्या गळ्यात तिकिटांची थैली. दुसरीने दोन पावलं मागे चालायचं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. फोन फक्त बोलायला. त्यातला नकाशा बघायचा नाही. वाट सापडत नसली तर नदीला विचारायचं. "पाणी कुठे चाललंय ते बघ. पाणी चाललंय तिकडे समुद्र. एवढं कळलं की माणूस हरवत नाही," हे आत्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पाच शहरं पार पडली. तिथल्या नावांवर दोघींची जीभ अडखळायची, म्हणून हरवीने स्वतःच नावं ठेवली होती: पुलांचं शहर, पोत्यांचं शहर, बंद घड्याळाचं शहर. तिसऱ्या शहरात तिने आत्याला तीनदा त्याच न्हाव्याच्या दुकानावरून नेलं. तिसऱ्या वेळी न्हाव्याने कात्री उंचावून सलाम केला. आत्या ओठ घट्ट मिटून दोन पावलं मागे चालत राहिली, आणि चौथ्या वेळी हरवी आपली आपणच थांबली, वळली आणि धक्क्यावर पोचली. बोट सुटायला तेव्हा चार मिनिटं होती. आत्याने मात्र चेहरा परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारखा ठेवला होता.

पाचव्या शहराहून पुढे पात्र उथळ होतं, म्हणून सहाव्या शहरात त्या बसने आल्या. ढगाळ दिवस होता. बस वाकड्यातिकड्या गल्ल्यांतून जाऊन भर दुपारी एका चौकात थांबली, तेव्हा कुठल्या दिशेने आलो हे दोघींनाही सांगता आलं नसतं. आत्याचा घोटा सुजला होता. नदीकाठच्या एका घरात वरची खोली मिळाली: लोखंडी दुमजली पलंग, भिंतीला खिळे, एक बादली आणि नदीकडे उघडणारी एक खिडकी. आत्या खालच्या पलंगावर पाय उशीवर ठेवून आडवी झाली आणि लगेच घोरायला लागली. हरवी वरच्या पलंगावर पालथी पडून संध्याकाळपर्यंत खिडकीतून नांगरलेल्या होड्या बघत राहिली.

दुसरा दिवस हरवीचा होता. समुद्राच्या मुखाकडे जाणारी बोट दहा वाजून वीस मिनिटांनी सुटणार होती. घरमालकिणीने कागदावर नदीची रेघ काढून, शहराच्या खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला, एक फुली मारून दिली: तिथे धक्का. मग दोन बोटं टेबलावर चालवून दाखवली आणि घड्याळावर अर्धा तास दाखवला.

नऊ वाजता दोघी बाहेर पडल्या. गळ्यात थैली अडकवून हरवी पायऱ्या उतरली आणि डावीकडे वळली. डावीकडे लांबवर एक उंच चिमणी दिसत होती, उजवीकडे लोखंडी पूल.

आत्याने नदीकडे पाहिलं. काल तिने नदी पाहिलीच नव्हती. पाणी रुंद, मातकट आणि जोरात होतं. पाणवनस्पतींचे हिरवे पुंजके वाहत होते, आणि ते सगळे चालले होते उजवीकडे, पुलाकडे. आत्याने घसा खाकरला.

हरवी थांबली. "काय गं?"

"काही नाही. तू म्होरकी आहेस."

हरवी चार पावलं गेली. आत्या जागची हलली नाही. उशीर म्हणजे बोट, बोट म्हणजे सही, हे सगळं एका क्षणात तिच्या डोक्यात घुमलं आणि एकतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं.

"बाळ, नदीला विचारलंस का? ते पुंजके बघ कुठे चाललेत."

हरवीने पाहिलं. मग चिमणीकडे पाहिलं. "हो, पण आत्या, काल ते..."

"कालचं राहू दे. डोळ्यांसमोर आहे ते बघावं. पाणी चाललंय तिकडे समुद्र. शेवटच्या दिवशी घोळ नको. आण ती थैली."

हरवीने थैली काढून दिली. तिचा चेहरा असा झाला, जणू सतरंजीवरून तिला कोणीतरी पुन्हा उचलून आणलं होतं. आत्याला ते दिसलं, पण तिने स्वतःची समजूत घातली की बोट मिळाली की सगळं ठीक होईल.

दोघी उजवीकडे निघाल्या. पुलाखालून गेल्या. आत्या लंगडत होती, तरी मधूनमधून पाण्याकडे बघून मान हलवायची. वाहते पुंजके इमानदारीने सोबत करत होते. अर्धा तास झाला, धक्का नाही. "परक्या माणसाचा अर्धा तास आपल्या लंगड्या पायाला पाऊण तास," आत्या म्हणाली. पाऊण तास झाला. दगडी काठ संपला. भाजीचे मळे लागले, मग मातीचा रस्ता, मग एक वीटभट्टी. काठाला एक पडाव, माल वाहणारी रुंद सपाट होडी, बांधून ठेवला होता आणि माणसं रांगेत उभी राहून हातोहात विटा त्यात चढवत होती. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

हरवीने पिशवी पाठीवरून उतरवली आणि मातीत ठेवली.

"आत्या, आज म्होरकी कोण?"

आत्या घड्याळाकडे बघत राहिली.

"सांग ना. कोण?"

"तू."

"मग मी सांगू?"

आत्याच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. ढगाळ दिवस असून. "सांग," ती म्हणाली, आणि हाताची घडी घातली. खरं तर हात कुठे ठेवावेत हेच तिला कळत नव्हतं.

"काल तू झोपलीस ना, तेव्हा खिडकीखालच्या सगळ्या होड्यांची तोंडं पुलाकडे होती. नांगर पुढे बांधलेला असतो, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडे तोंड होणार. म्हणजे पाणी पुलाकडून चिमणीकडे चाललेलं. चारनंतर होड्या गोल फिरल्या. सगळ्याच्या सगळ्या. तोंडं चिमणीकडे. मला वाटलं, मलाच नीट आठवत नसेल. मी हरवी ना." ती जरा थांबली. "पण मग बसच्या चौकातल्या फलकावरून मी बोटीच्या वेळा उतरवून घेतल्या होत्या. काल साडेनऊ, आज दहा वीस, उद्या अकरा दहा. रोज पन्नास मिनिटं उशिरा. अशी कोणती बोट असते, आत्या? शाळेची घंटा रोज पन्नास मिनिटं उशिरा होते का?"

आत्याने पुन्हा नदीकडे पाहिलं.

"चंद्राचं असतं ना ते? तूच शिकवलं होतंस, गच्चीवर. भरती. समुद्र जवळ आलाय, म्हणून समुद्राचं पाणी नदीत शिरतंय. नदी उलटी वाहतेय. आपण दीड तास... नाही, एक तास डोंगराकडे चालतोय."

नदी आठव्या धड्यात होती आणि भरती-ओहोटी अकराव्या. मधे दोन धडे, एक चाचणी आणि सहामाही परीक्षा. एकतीस वर्षं आत्याने दोन्ही धडे तोंडपाठ शिकवले होते, पण एका बाकावर शेजारी शेजारी कधी बसवले नव्हते. या पोरीने एका दुपारी, पलंगावर पालथं पडून, ते बसवले होते.

आत्या मळ्याच्या बांधावर मटकन बसली.

"खडू काढून घेतला गं तुझा," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा. आणि तोही बरोबर लिहीत असताना."

"जाऊ दे."

"जाऊ दे कसं? सही गेली."

हरवीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं. नाक ओढलं. मग ती नदीकडे बघत राहिली. आत्याला काहीतरी समजुतीचं बोलावंसं वाटलं, पण या खेपेला तिने जीभ दाताखाली धरली.

पाणी संथ होत चाललं होतं. एक पुंजका आला, रेंगाळला, जागच्या जागी गिरकी घेतली आणि थांबला. पाच-सात मिनिटं सगळी नदी अशी उभी राहिली, जणू काहीतरी विसरलं म्हणून दारात थबकलेलं माणूस. मग पुंजका हळूच, अगदी हळूच, चिमणीच्या दिशेने सरकला.

"सुटली बोट," आत्या म्हणाली. घड्याळात दहा वीस झाले होते.

"बोट सुटली. पण पाणी आत्ता सुटतंय," हरवी म्हणाली. "आत्या, तो विटांचा पडाव कशाची वाट बघत असेल?"

"कशाची?"

"अगं, हेच! त्यालाही खालीच जायचं असणार. वर विटा कोण नेईल, शहर तर खाली आहे. ऊठ. थैली दे."

आत्याने थैली दिली. हरवी तरातरा गेली, आणि आत्या दोन पावलं मागे.

पडावाची मालकीण दणकट बांध्याची बाई होती, डोक्याला फडकं, केसांत विटांची धूळ. हरवीने एक फुटका विटेचा तुकडा उचलला आणि फळीवर नदी काढली, शहर, चिमणी, आणि पुढे लाटा लाटा. मग दोन माणसं काढली, एक लहान, एक मोठं; मोठ्याच्या पायाला गाठोड्याएवढा घोटा काढला.

"एवढा नाहीये काही सुजलेला," आत्या पुटपुटली.

"शू! विचारलंय का तुला?"

बाईने चित्र पाहिलं, आत्याचा पाय पाहिला आणि पोट हलवत हसली. फळीवरच्या लाटांवर बोट ठेवून तिने मान डोलावली: हो, तिथपर्यंत. हरवीने थैलीतल्या नोटा दाखवल्या. बाईने हात झटकला आणि विटांच्या रांगेकडे बोट केलं. ढीग अजून कमरेएवढा शिल्लक होता.

"काम करायचंय," हरवी म्हणाली. "आत्या, तू बसून करायचं. इथे, कडेला. एका वेळी एकच वीट घ्यायची."

"बरं, बाई."

दोघी रांगेत लागल्या. हरवीचे तळवे दहा मिनिटांत लाल झाले. तिने एक वीट पाडली, एक पायावर पडता पडता वाचली, मग हाताला लय सापडली. शेवटची वीट चढली तेव्हा मालकिणीने तिच्या पाठीवर असा धपाटा मारला की पोरगी एक पाऊल पुढे गेली.

पडाव ओहोटीबरोबर निघाला. आत्या विटांच्या चळतीवर गोणपाट टाकून बसली होती. लोखंडी पूल डोक्यावरून गेला. त्यांच्या खोलीची खिडकी गेली. खालच्या सगळ्या होड्या तोंडं पुलाकडे करून उभ्या होत्या. चिमणी गेली, आणि मग घरमालकिणीच्या फुलीवरचा धक्का आला, रिकामा, एक माणूस झाडू मारत होता. हरवी पडावाच्या टोकाला उभी राहून हे सगळं बघत होती. आत्या नदी बघत नव्हती. ती पोरीची पाठ बघत होती. विटेच्या धुळीने लाल झालेली, ताठ. शाळेत इतकी मुलं पहिली आली, कोणी डॉक्टर झालं, कोणी बोटीवर कप्तान झालं. पण कोणाच्या पाठीकडे बघून आपला ऊर असा भरून आला होता, हे आत्याला आठवेना.

दुपारी तीनला काठ दोन्हीकडून दूर सरकले आणि पाण्याला खारट वास आला. मुखाजवळच्या गावात मालकिणीने दोघींना उतरवलं. बंधाऱ्यावर एक बाक होतं. आत्या बसली आणि तिने फोन काढला.

"मी करते," हरवी म्हणाली.

"नाही. चूक माझी, फोन माझा."

भावाने पहिल्याच घंटीला उचलला. "ताई! मिळाली ना बोट?"

"चुकली."

पलीकडे एक सुस्कारा. "मला ठाऊकच होतं. अगं, तिचा दोष नाही, तिला दिशाच..."

"ती नाही चुकली. मी चुकले. तिचा दिवस होता, ती बरोबर वळली होती, मी तिला दटावून उलटं नेलं. भरतीचं पाणी बघून नदी वर चालली असताना खाली चालली समजले. भूगोलाची बाई!"

"तू? उलटी गेलीस?"

"तासभर. लंगडत. आणि तिने मला वीटभट्टीपाशी थांबवून भरती शिकवली. आता तुझी अट तू जाणे. पण सही द्यायची नसेल तर कारण म्हणून माझं नाव लिही."

"मग तुम्ही आहात कुठे?"

"समुद्रावर."

"बोट चुकली आणि समुद्रावर? कशा आलात?"

"विटांवर बसून."

"ताई, चेष्टा नको. तिला दे."

हरवीने फोन घेतला. आत्या दुसरीकडे बघत राहिली, पण कान तिकडेच.

"हं बाबा. ...हो, विटांवरच. ...अहो, बाई चालवत होती, तिचा नवराही होता, चांगली माणसं होती. ...नाही, एकदम नाही चढले. आधी चित्र काढून विचारलं, मग ते सगळे खाली जाणारच आहेत हे बघितलं, मग. ...आम्ही डाव्या काठावर आहोत, दीपस्तंभ दिसतो एवढ्या अंतरावर. परतीची बस साडेपाचला आहे, पण ती आम्ही घेणार नाही, आत्याच्या पायाला झेपणार नाही. उद्या दुपारची घेऊ. ...तिला बसवलंय बाकावर. मी राहायला जागा बघून येते आणि मग तिला घेऊन जाते."

पलीकडून भावाचा आवाज आला, जरा घोगरा, फोनबाहेर ऐकू येईल एवढा मोठा.

"एकटी जाणार जागा बघायला?"

"हो."

"बरं. जा. आणि आत्याला उन्हात ठेवू नकोस फार. तिला सांभाळून आण."

"आणि फॉर्म?"

"आलीस की करतो सही."

"आत्ता करा ना, बाबा. मी आले की तुम्ही म्हणाल पेन सापडत नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आईचं काहीतरी बोलणं, कपाट उघडल्याची करकर. "अगं, ओरडू नकोस, करतोय," बाबा म्हणाले. "झाली. समाधान?"

हरवीने फोन आत्याच्या मांडीवर ठेवला. बाकाभोवती एक फेरी मारली, मग दुसरी, मग आत्याच्या गळ्यात पडली आणि तिच्या पांढऱ्या कुडत्यावर दोन्ही तळव्यांचे लाल ठसे उमटवून मोकळी झाली.

"जाते मी. इथून हलू नकोस हं, आत्या. कोणी बोलावलं तरी जायचं नाही."

"नाही जात."

बंधाऱ्यावरून तीन गल्ल्या गावात शिरत होत्या. हरवी त्यांच्या तोंडाशी थांबली. पहिलीकडे पाहिलं, मग तिसरीकडे, मग तिसरीत दारांपुढे वाळत घातलेल्या जाळ्यांकडे. मधली गल्ली सरळ आणि रुंद होती. आत्या असती तर तिने तीच घेतली असती. तिच्या ओठांवर शब्द आलेही. ते तिने गिळले.

हरवी तिसऱ्या गल्लीत शिरली. वळताना तिने मागे पाहिलं नाही. आत्याला ते फार आवडलं.